छप्पर उडालं तर मिळेल, पण घरात पाणी शिरलं तर?

पत्र:

ताई, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाजवळ रिव्हरव्ह्यूला घर घेतलं. घर २००७ सालचं, छप्पर २०१४ मध्ये बदललेलं. होमओनर्स पॉलिसी मे महिन्यात रिन्यू होतेय आणि यंदाचा प्रीमियम बघून ह्यांचं डोकं फिरलंय. पॉलिसीत घराची रक्कम ४,२०,००० डॉलर आणि हरिकेन डिडक्टिबल (म्हणजे वादळाच्या नुकसानीत आधी आपण सोसायचा वाटा) २ टक्के असं लिहिलंय. आम्ही सरकारी पूर-नकाशावर फ्लड झोन एक्समध्ये येतो म्हणून बँकेने फ्लड इन्शुरन्स मागितला नाही, आम्हीही घेतला नाही. हे म्हणतात, "हरिकेन डिडक्टिबल लिहिलंय म्हणजे हरिकेन कव्हर आहेच की. आणखी एक पॉलिसी कशाला? उलट डिडक्टिबल ५ टक्के करू, प्रीमियम तरी उतरेल." सासरे दापोलीला असतात. निसर्ग वादळात त्यांची नारळी-पोफळीची बाग गेली, तेव्हापासून जून लागला की फोनवर एकच प्रश्न: "घराचा वादळाचा विमा आहे ना?" मी हो म्हणते, पण मनातून खात्री नाही. धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसनला असतात. ते म्हणतात, आमच्याकडे असली भानगडच नाही. खरं काय ते सांगा.

– रिव्हरव्ह्यूहून एक वाचक

उत्तर:

तुमच्या ह्यांचं निम्मं बरोबर आहे. अडचण एवढीच, की राहिलेलं निम्मं टॅम्पा बेच्या परिसरात फार महागात पडतं.

आधी बरोबर काय ते. हरिकेन डिडक्टिबल लिहिलंय त्या अर्थी तुमच्या पॉलिसीत वाऱ्याचं कव्हर आहे. किनाऱ्याजवळची काही घरं वारा वगळून विमा घेतात, तुमचं तसं नाही. वाऱ्याने शिंगल्स (छपरावरच्या चकत्या) उडाले, फांदी खिडकीतून आत आली, गॅरेजचं दार पिळवटलं, तर पॉलिसी पैसे देईल. वाऱ्याने छपराला भोक पाडलं आणि त्यातून पाऊस आत आला, तर भिजलेलं सीलिंग आणि सोफाही त्यातच. पण नुसत्या 'हरिकेन'चा म्हणून विमा नसतो. वादळाचं नाव, त्याची कॅटेगरी, टीव्हीवर किती दिवस गाजलं, यातलं काही, नुकसान कव्हर आहे का हे ठरवताना, कंपनी बघत नाही. ती एवढंच विचारते: नुकसान वाऱ्याने झालं की वर चढत आलेल्या पाण्याने? समुद्राचा स्टॉर्म सर्ज (वादळाने किनाऱ्यावर लोटलेलं पाणी), नदीचा पूर, रस्त्यावर तुंबून दाराच्या फटीतून आत आलेलं पावसाचं पाणी, हे सगळं त्यांच्या लेखी फ्लड. आणि फ्लड तुमच्या पॉलिसीत चक्क वगळलेला आहे. 'एक्सक्लूजन्स' या भागात 'वॉटर' म्हणून एक परिच्छेद असेल, तो आज रात्री दोघांनी मिळून वाचा.

सासऱ्यांचा प्रश्न दापोलीत अगदी रास्त आहे. भारतात १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी जी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आली, तिच्यात वादळ आणि पूर एकाच छत्राखाली येतात. अमेरिकेत या दोघांची फारकत झालेली आहे. खाजगी कंपन्यांना पुराचा धोका पेलवेना, तेव्हा १९६८ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम काढला. तो आज फेमाच्या, म्हणजे आपत्तींचं काम बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, अखत्यारीत चालतो. तेव्हापासून वारा एका पॉलिसीत, पूर दुसऱ्या. म्हणून सासऱ्यांना नुसतं 'हो' सांगून भागणार नाही.

याचा अर्थ काय होतो, ते तुमच्याच भागात २०२४ च्या शरद ऋतूत दिसलं. २६ सप्टेंबरला हेलीन आलं. त्याचा डोळा टॅम्पापासून शंभराहून जास्त मैल लांब, आखातातून वर सरकला आणि जमिनीला लागला तो पार उत्तरेला, बिग बेंडमध्ये. टॅम्पा बेच्या काठच्या कितीतरी घरांचं एक कौलही हललं नव्हतं, पण आत कमरेएवढं खारं पाणी. ज्यांच्याकडे फक्त होमओनर्स होती, त्यांच्या हाती भोपळा. बरोबर तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन आलं. ते दक्षिणेला सिएस्टा कीजवळ जमिनीवर चढलं, त्यामुळे टॅम्पा बेमधलं पाणी उलट आत ओढलं गेलं, सर्ज आलाच नाही. पण सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं कापडी छत वाऱ्याने चिंध्या करून टाकलं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. ते होमओनर्सवाल्यांचं वादळ. आणि त्याच मिल्टनचा पाऊस इतका पडला की आभाळ मोकळं झाल्यावरही अलाफिया आणि हिल्सबरो नद्या चढतच राहिल्या. ते पाणी पुन्हा फ्लडमध्ये जमा. अलाफिया तुमच्या रिव्हरव्ह्यूतूनच वाहते, हे मी वेगळं सांगायला नको.

नुकसान पाहायला विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर येतो तेव्हा तो काय बघतो, हेही सांगते. पंख्याच्या बुडाशी सीलिंगवर तपकिरी कडं उमटलंय का, अ‍ॅटिकमधलं इन्सुलेशन वरून ओलं आहे का, म्हणजे पाणी वरून आलं. बेसबोर्ड (भिंतीच्या बुडाच्या पट्ट्या) फुगलेत का, ड्रायवॉलवर सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर आडवी रेघ आहे का, बाहेरच्या भिंतीला गवताचे तुकडे चिकटलेत का, म्हणजे पाणी खालून आलं. कित्येक घरांत दोन्ही खुणा सापडतात आणि खरी लढाई तिथे सुरू होते. २००५ मध्ये कट्रिनानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांचा फक्त काँक्रीटचा पाया उरला होता. मालक म्हणत, आधी वाऱ्याने घर पाडलं. कंपन्या म्हणत, लाटेने नेलं. पॉलिसीत बहुधा असंही कलम असतं, की वगळलेल्या कारणाने नुकसानीला हातभार लावला असेल तर दुसरं कारण कुठलंही असो, पैसे नाहीत. सिनेटर ट्रेंट लॉट यांचं पास्कागुलाचं घर असंच गेलं, आणि त्यांनाही आपल्या विमा कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं. सिनेटरची ही गत, तर आपली काय कथा! दोन्ही पॉलिसी असल्या की निदान हे भांडण तुमच्या जिवावर चालत नाही. कुठल्या खिशातून किती एवढाच प्रश्न उरतो. जमलं तर फ्लड पॉलिसीही होमओनर्सवाल्या एजंटकडूनच घ्या, निस्तरायला एकच माणूस सापडतो.

आता झोन एक्स. या दोन शब्दांनी माझ्या ओळखीतल्या भल्याभल्या इंजिनिअर मंडळींना गाफील ठेवलंय. झोन एक्समध्ये कर्जावर फ्लड इन्शुरन्सची सक्ती नाही, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. पूर येत नाही असं तो नकाशा कुठेच म्हणत नाही. एई झोन म्हणजे दर वर्षी पूर येण्याची शक्यता निदान १ टक्का, तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत धरली तर साधारण २६ टक्के. एक्समध्ये ती कमी, पण शून्य नाही. २०१७ मध्ये हार्वीने ह्यूस्टन बुडवलं, तेव्हा पाण्यात गेलेल्या बहुतेक घरांकडे फ्लड पॉलिसी नव्हतीच, आणि त्यातली खूप घरं असल्या 'सुरक्षित' झोनमधली होती. बँकेने मागितला नाही म्हणून विमा नको, हा हिशोब बँकेचा. तिला कर्जापुरती काळजी. फ्लोरिडात कुणी विमा देत नाही तेव्हा जिच्याकडे जावं लागतं, ती राज्याने कायद्याने उभी केलेली सिटिझन्स कंपनी आता वाऱ्याचं कव्हर देताना ग्राहकाकडे फ्लड पॉलिसी मागते आणि टप्प्याटप्प्याने हा नियम झोन एक्समधल्या घरांपर्यंतही नेते आहे. रोज क्लेम बघणाऱ्यांना काय वाटतं, ते यावरून ओळखा.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: फ्लड पॉलिसी घ्या, आणि या महिन्यातच घ्या. सरकारी पॉलिसी पैसे भरल्यावर ३० दिवसांनी लागू होते. कर्ज घेतानाच काढली असती तर हे थांबणं नसतं, पण ती वेळ गेली. हरिकेनचा मोसम १ जूनला सुरू होतो. वादळाला नाव पडलं आणि नकाशावर त्याच्या संभाव्य वाटेचा शंकू दिसायला लागला की तुमची होमओनर्स कंपनीसुद्धा नवं कव्हर किंवा बदल करून देणं थांबवते. लग्नाच्या मांडवात शिलाई मशीन शोधून उपयोग नाही.

घेताना तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. सरकारी पॉलिसीत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळतात आणि सामानाला १,००,०००. सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, न मागता कुणी देत नाही. इमारतीचं घेऊन निर्धास्त बसलेली माणसं मी पाहिली आहेत, फ्रिजपासून गादीपर्यंत सगळं स्वतःच्या पैशाने पुन्हा घेताना. शिवाय सामानाची भरपाई जुन्या वस्तूच्या घसरलेल्या किमतीने होते. घर दुरुस्त होईपर्यंत बाहेर राहण्याचा खर्च ही पॉलिसी देत नाही, तेव्हा चार महिन्यांचं भाडं तुमच्या खिशातून. खाजगी कंपन्यांच्या फ्लड पॉलिसीत जास्त रक्कम आणि राहण्याचा खर्च मिळू शकतो, म्हणून दोन्हीकडचे दर मागवा. आता सरकारी दर झोनवरून नाही, तर तुमच्या घराची उंची, पाण्यापासूनचं अंतर, बांधणीचा खर्च यावरून ठरतो. शेजारणीचा आकडा ऐकून हरखू नका आणि घाबरूही नका, स्वतःच्या पत्त्याचा दर मागवा.

आता ते २ टक्के. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मला शंका आली, की हे २ टक्के नुकसानीचे समजताय की काय. ते घराच्या विमा रकमेचे असतात. म्हणजे ४,२०,००० चे २ टक्के, ८,४०० डॉलर. वाऱ्याने छपराचं ७,५०० चं नुकसान केलं तर कंपनी एक पैसा देणार नाही. ३०,००० चं झालं तर २१,६०० देईल. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे ५ टक्के केलं, तर आधीचे २१,००० तुमचे. एवढी रक्कम बँकेत नुसती पडून असेल आणि तिला हात न लावायचा संयम असेल, तरच हा विचार करा. त्याआधी तुमच्या बँकेला चालतं का तेही विचारा, कर्जाच्या कागदांत डिडक्टिबलवर मर्यादा असते.

हे मोठं डिडक्टिबल कधी लागतं? नॅशनल हरिकेन सेंटरने हरिकेन म्हणून जाहीर केलेल्या वादळाला. फ्लोरिडाच्या कुठल्याही भागासाठी हरिकेन वॉच किंवा वॉर्निंग निघाल्यापासून, शेवटची उठल्यानंतर ७२ तासांपर्यंत. एरवीच्या गडगडाटी वादळाने शिंगल्स उडाले तर नेहमीचं, बहुधा हजार-दोन हजारांचं, डिडक्टिबल. यात फ्लोरिडाच्या कायद्याची एक चांगली बाजू फार जणांना माहीत नसते: हरिकेन डिडक्टिबल कॅलेंडर वर्षात एकदाच भरायचं असतं. पहिल्या वादळात ५,००० चं नुकसान झालं, कंपनीकडून काहीच मिळालं नाही, तरी ते ५,००० तुमच्या खात्यात मोजले जातात. त्याच वर्षी दुसरं हरिकेन आलं तर उरलेले ३,४०० किंवा नेहमीचं डिडक्टिबल, यातलं जे मोठं तेवढंच भरायचं. पण त्यासाठी पहिल्या वेळी कंपनीला कळवलेलं हवं आणि पावत्या जपलेल्या हव्यात. 'एवढ्याशासाठी कशाला क्लेम' म्हणून आपली माणसं गप्प बसतात आणि दुसऱ्या वादळात पुन्हा पहिल्यापासून भरतात.

प्रीमियम उतरवायचाच असेल तर दुसरा, कमी धोक्याचा रस्ता आहे. विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन करून घ्या. छप्पर भिंतींना क्लिपने बांधलंय की स्ट्रॅपने, छपराखालच्या फळ्यांना (डेकला) खिळे कसे ठोकलेत, खिडक्यांना शटर्स आहेत का, हे तपासनीस फॉर्मवर भरतो आणि त्यानुसार सवलत देणं फ्लोरिडात कंपन्यांना बंधनकारक आहे. तुमचं घर २००२ च्या राज्य बिल्डिंग कोडनंतरचं आहे, म्हणजे हातात काहीतरी नक्की पडेल. फॉर्म पाच वर्षांपर्यंत चालतो. मागच्या मालकाचा सापडला तर आधी तो एजंटला दाखवा. आणि रिन्यूअलच्या कागदांत छपराच्या भरपाईसमोर काय लिहिलंय ते पाहा. नव्याची पूर्ण किंमत असेल तर ठीक, 'रूफ पेमेंट शेड्यूल' असेल तर छपराच्या वयाप्रमाणे कापून पैसे मिळतील. स्वस्त रिन्यूअलमागे पुष्कळदा हीच गोम असते.

बारीकसारीक गोष्टी एका दमात सांगते. लनाईची (मागच्या व्हरांड्याची) जाळी आणि पोहण्याच्या तलावावरचा जाळीचा पिंजरा, म्हणजे पूल केज, फ्लोरिडाच्या बऱ्याच पॉलिसींत हरिकेनपुरते वगळलेले असतात, वेगळं कव्हर घ्यावं लागतं. झाड घरावर पडलं तर मिळतं, शेजाऱ्याचं असलं तरी ते तुमच्याच पॉलिसीतून. नुसतं अंगणात पडलं तर उचलायचा खर्च बहुधा तुमचा. गाडी पाण्यात गेली तर ते कार इन्शुरन्सच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरमधून मिळतं. घर धड असताना नुसती सक्तीची इव्हॅक्युएशन झाली, तर हॉटेलचं बिल बहुतेक वेळा मिळत नाही. आणि दागिने: सरकारी फ्लड पॉलिसीत दागिने, चित्रं वगैरे सगळं मिळून २,५०० डॉलरची मर्यादा आहे. आजच्या सोन्याच्या भावात त्यात एक पाटलीही बसायची नाही. पाटल्या-बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा किंवा निघताना पर्समध्ये.

नुकसान झालंच तर? मेमध्येच एकदा फोनवर घरभर फिरून व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, फ्रिज आणि एसीच्या नंबरच्या पट्टीसकट. वादळानंतर काही हलवण्याआधी पुन्हा काढा. पाण्याच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या, ओल्या कार्पेटचा तुकडा जपून ठेवा. मग ताडपत्री घाला, पाणी काढा, कारण नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी धरली जाते आणि त्याच्या पावत्या क्लेममध्ये लागतात. फ्लोरिडात होमओनर्सचा नवा क्लेम एका वर्षात करावा लागतो, त्यातली राहिलेली भर दीड वर्षात. कंपनीला निर्णय साधारण ६० दिवसांत द्यावा लागतो. सरकारी फ्लड पॉलिसीत मात्र सही केलेलं प्रूफ ऑफ लॉस (नुकसानीचं लेखी निवेदन) तुम्हीच ६० दिवसांत द्यायचं असतं. ही मुदत तुमच्यावर आहे, हे विसरू नका. इमारतीच्या दुरुस्तीच्या चेकवर बँकेचंही नाव येईल, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला 'उद्या पैसे देतो' म्हणण्याआधी बँकेला फोन करून पैसे किती टप्प्यांत सोडतात ते विचारा. आणि वादळानंतर दुसऱ्याच दिवशी दार वाजवून "छप्पर फुकटात बदलून देतो, इथे सही करा" म्हणणाऱ्याला पाणी द्या, सही देऊ नका.

राहिले तुमचे दीर. न्यू जर्सीत भानगड आहे, फक्त वेगळ्या रूपात. २०१२ मध्ये सँडी २९ ऑक्टोबरला ब्रिगँटीनजवळ जमिनीला लागायच्या जरा आधी तांत्रिकदृष्ट्या हरिकेन राहिलं नव्हतं, म्हणून राज्याने कंपन्यांना हरिकेन डिडक्टिबल लावू दिलं नाही. घरमालकांचे हजारो डॉलर वाचले. पण ते वाऱ्याच्या नुकसानीत. फ्लड तिथेही वगळलेलाच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडाचा नुसता उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर पडला, त्याला हरिकेन म्हणायचीही सोय नव्हती, तरी गावंच्या गावं पाण्यात गेली. एडिसनच्या घराला बेसमेंट असेल तर दिरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकारी फ्लड पॉलिसी बेसमेंटमधली घर तापवायची भट्टी, वॉटर हीटर, वीजपेटी यांचं देते. हौसेने केलेल्या खोलीचं फ्लोअरिंग, सोफा, टीव्ही यांचं देत नाही. आणि ड्रेनमधून उलटं येणारं पाणी बहुतेक वेळा दोन्हींच्या मधे लटकतं. त्यासाठी होमओनर्सवर 'वॉटर बॅकअप' वेगळं जोडून घ्यावं लागतं. एजंटला फोन लावला की त्यांनी आधी तेच विचारावं.